पाठमोरे साडू

आजवर कुणालाच, अगदी घरातही न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तेलगावच्या आमच्या कापड दुकानातलं कार्ड घासायचं मशीन भरदिवसा चोरीला गेलं, तेव्हा दुकानातल्या झाडून सगळ्यांनी चोराकडे पाठ केली होती. ते मशीन जाताना फक्त मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं खापर ज्यांच्या डोक्यावर फुटलं ते माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आणि हे साडू म्हणजे असा माणूस, की वेळेवर, मनापासून आणि पूर्ण पाठ फिरवण्यात बीड जिल्ह्यातच काय, उभ्या मराठवाड्यात त्यांच्या तोडीचा दुसरा नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते पहिल्यांदा हेच विचारतील, "गोष्ट कळायला नाव लागतंय का साडूभाऊ? न्हाई ना? मग कावून लिव्हलं?" लागत नाही ते ठेवायचं नाही, हा त्यांच्या जगण्याचा पाया आहे. धंद्यातून तो आयुष्यात शिरला, की आयुष्यातून धंद्यात, हे आता त्यांच्या बायकोलाही सांगता येत नाही. धंदा असा, की जी दुकानं कार्डावर पैसे घेतात त्यांनी गिऱ्हाइकाच्या कार्डाची माहिती कशी सांभाळायची याचे जगभर चालणारे नियम आहेत. ते पाळावे लागतात, पाळतो म्हणून बँकेला दरवर्षी लिहून द्यावं लागतं, आणि जरा अंगवळणी पडले की नेमके बदलतात. आमच्याकडच्या दुकानदाराला यातलं एक अक्षर ठाऊक नसतं. त्याला मशीनमधून चिठ्ठी निघाली की झालं. साडू पूर्वी याच मशीनांचे कागदी रोल पोचवायचे, किरकोळ दुरुस्ती करायचे. पुढं त्यांनी ती जाडजूड इंग्रजी नियमावली शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढली आणि मोटारसायकलला किक मारून पंप, दवाखाने, लॉज, खतांची दुकानं असे फिरायला लागले. नियमावलीच्या नावात तीन इंग्रजी अक्षरं आहेत. नेकनूरच्या एका हॉटेलवाल्यानं ती ऐकली 'सीआयडी' अशी. बिचाऱ्यानं साडूंना आधी थंड पाणी दिलं, मग गरम भजी दिली, आणि मग डोळ्यांत पाणी आणून, विचारलेलं नसताना, गॅसच्या घरगुती टाक्या कुठं लपवल्यात ते दाखवलं. साडूंनी चटकन डोळे मिटले. "मला दावू नका. हे माझ्या कामात लागत न्हाई," एवढंच ते म्हणाले. भजी मात्र त्यांनी खाल्ली.

हा 'लागत नाही'चा नियम ते घरी इतक्या कडकपणे पाळतात की त्यांच्या खिशात कागदाचा कपटा टिकत नाही. पावती वाचली की फाडली. एकदा मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून एसटीनं निघाले, तर तिकीट हातात पडताच तारीख बघून त्याचे बारीक तुकडे केले आणि खिडकीबाहेर सोडायला नको म्हणून (ते रस्त्यावर माहितीही टाकत नाहीत आणि कचराही) रुमालात बांधून ठेवले. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला. साडूंनी रुमाल सोडून समोर धरला. तपासनीस म्हणाला, "हे काय हाय? भेळ?" दंड भरला, त्याची पावती मिळाली, तीही त्यांनी त्याच्यासमोरच फाडली. लग्नपत्रिकेचंही तेच. तारीख डोक्यात ठेवायची आणि पत्रिका फाडायची. त्यामुळं ते ऐन तिथीला चुकीच्या मंगल कार्यालयात जेवून, आहेर करून, अनोळखी नवरदेवाला तोंड भरून आशीर्वाद देऊन आलेले आहेत. मेव्हणी संतापून म्हणाली, "आवो, निदान पंगतीत एक तरी तोंड वळखीचं हाय का बघायचं!" तर म्हणतात, "लोकांच्या तोंडाकडं कशाला बघायचं? वाढप लई चांगलं होतं."

पण त्यांची खरी कीर्ती पाठीची. त्यासाठी आमच्याकडची रीत सांगायला हवी. कार्डाचा पिन ही लपवायची चीज आहे, हे आमच्या भागात कुणाला पटलेलंच नव्हतं. गिऱ्हाईक कार्ड गल्ल्यावर ठेवणार आणि पिन मोठ्यानं सांगणार. बस्त्याला आलेलं वऱ्हाड असलं, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला घरदार आलेलं असलं, तर बाप या टोकाहून ओरडणार, "आगं, पिन काय हाय गं आपला?" आणि आई साड्यांच्या ढिगातून आकडा सांगणार, धाकटी लेक तो दुरुस्त करणार, आणि होणाऱ्या जावयालाही तो आधीच पाठ असणार. दुकानदारानं "मला सांगू नका, तुम्हीच दाबा" म्हटलं की अपमान! आमच्या इथल्या एका निवृत्त गुरुजींना साडूंनी हात जोडून तसं सांगितलं, तर गुरुजींनी चष्मा काढला. "मी तुमच्या साडूच्या दुकानातून धोतर न्ह्यायला लागलो तवा तुमच्या मिशाबी फुटल्या न्हवत्या. इश्वास न्हाई का माझ्यावर?" साडू म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर हाय. आमच्यावर ठिवू नका." यावर गुरुजी धोतर तिथंच टाकून उठले आणि पुढं कित्येक महिने आमच्या दुकानाच्या फळीला शिवले नाहीत.

तेव्हा साडूंनी एक शोध लावला, जो त्या जाडजूड नियमावलीत नाही. गिऱ्हाईक लपवत नाही ना? मग दुकानानं बघायचं नाही. मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, मोठ्यानं "पाठ!" म्हणायचं, की गल्ल्यावरच्यापासून दारातल्या गड्यापर्यंत सगळ्यांनी गर्रकन पाठ फिरवायची. अपमानाचा प्रश्नच मिटला. उलट सगळं दुकान आपल्यासाठी वळतंय म्हटल्यावर गिऱ्हाइकाला मानपानासारखं वाटायला लागलं. सिरसाळ्याचा एक खतवाला तर सांगायचा, की काही लोक युरियाचं पोतं नको असताना नुसतं 'पाठ' बघायला येतात. साडू स्वतः पाठ अशी फिरवत, की टाच वाजे. आणि सवय लागली की लागलीच. घरी मेव्हणी कपाटाचं कुलूप उघडायला लागली की हे भिंतीकडं वळणार. कुणी कुणाला मोबाईल नंबर सांगायला लागलं की कानांत बोटं. त्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरी उखाणा घ्यायला उभी राहिली, सगळा मांडव पुढं सरकला, आणि हे एकटे पाठ करून उभे. मी विचारलं, "आता काय?" तर हळूच म्हणाले, "नाव सांगायलीय ना ती."

मशीनवर त्यांची माया जनावरावर असावी तशी. दुकानात शिरले की मालकाला नमस्कार नंतर, आधी मशीन उचलून तळहातावर तोलणार, पोटाखाली बोट फिरवणार, कार्ड जातं त्या फटीत डोळा लावणार, कुणी काही चिकटवलंय का बघायला. आमच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणारे रशीदचाचा त्यांना म्हणायचे, "दात भी देखो मियाँ, उमर समझ जाती." पासवर्डच्या बाबतीत तर ते निर्दय. मशीन आलं तेव्हाचा सरळसोट पासवर्ड कुणी तसाच ठेवलेला दिसला की त्यांना घास गिळवत नसे. त्याच सिरसाळ्याच्या खतवाल्याला त्यांनी तो बदलायला लावला आणि रस्ता ओलांडून समोर चहाला बसले. थोड्या वेळानं तो दुकानातून आनंदानं ओरडला, "सायेब, बदललो! म्हशीचं नाव टाकलंय, चंद्री!" साडू चहा तसाच ठेवून परत गेले, पुन्हा बदलायला लावला. ते चहापर्यंत पोचतात न पोचतात तोच, "सायेब, आता दुसऱ्या म्हशीचं टाकलंय!" खतवाल्याच्या गोठ्यात म्हशी भरपूर होत्या. संध्याकाळपर्यंत चहावाल्याचा धंदा बरा झाला.

आमच्याही मशीनचा पासवर्ड मी बदलत नव्हतो. विकलेल्या मालाचे पैसे उलटे कार्डावर परत करायचे असले तर मशीन तो पासवर्ड मागतं, आणि कापड परत घ्यायची वेळ माझ्यावर कधी येत नाही, मग उगाच लक्षात कशाला ठेवा? साडूंनी तो माझ्या मागं लागून, माझ्या शिव्या खाऊन, शेवटी बदलून घेतला. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते घडलं.

पण त्याआधी माझ्याबद्दल. मी पाठ फिरवायचो, सगळ्यांबरोबर, टाच वाजवून. फक्त माझ्या गल्ल्याच्या मागं, पाठ फिरवल्यावर नेमका नाकासमोर येईल असा, साडी अंगावर लावून बघायचा उभा आरसा होता. पहिल्यांदा दिसलं ते चुकून. नंतर मी बघायला लागलो. का, ते मला धड सांगता येत नाही. दुपारच्या रिकाम्या वेळी काहींना पानाचा नाद असतो, मला हा लागला. आरशात आकडे उलटे असले तरी बोटं कुठं पडतात ते दिसतं, आणि मशीनवरच्या आकड्यांच्या जागा मला डोळे मिटूनही ठाऊक. कुणी जन्मसाल टाकतं, कुणी गाडीचा नंबर, कुणी लग्नाची तारीख. एका वाहकानं आपल्या बिल्ल्याचा नंबर टाकला होता. नवरा गेलेल्या एक बाई तो गेला ते साल टाकत, आणि ते टाकताना त्यांचं बोट दरवेळी जरा थांबे. मी एका छदामालाही कधी हात लावला नाही. माणसं कळतात, एवढंच मी स्वतःला सांगत होतो. पण ज्या गोष्टीसाठी माझे साडू उन्हातान्हात हिंडत होते, ती मी त्यांच्याच पाठीमागं करत होतो, आणि त्यांना चहा पाजत होतो.

तर लग्नसराईचा दिवस. दुकानात सिरसाळ्याकडचं वऱ्हाड बस्त्याला बसलेलं, गाद्यांवर साड्यांचा डोंगर, रशीदचाचा ब्लाउजची मापं घ्यायला आत आलेले, मी गल्ल्यावर, माझी बायको साड्या उलगडत आणि साडू माझ्या गड्यांना नव्यानं बदललेले नियम शिकवायला हजर. दोन दिवसांनी आमच्या व्यापारी संघाची बैठक होती. तेलगावच्या सगळ्या बाजारपेठेतल्या मशीनांची देखरेख साडूंकडं द्यायची की नाही, हे त्यात ठरणार होतं. त्यांच्यासाठी ते फार मोठं होतं. दारोदार 'माझं ऐका' म्हणत फिरणाऱ्या माणसाला अख्खं गाव 'या' म्हणणार होतं. अशात एक पांढऱ्या शर्टातला गोड बोलणारा गृहस्थ आला. आहेराला म्हणून एक टॉवेल आणि एक टोपी घेतली, आणि कार्ड काढलं. टॉवेल-टोपीला कार्ड! तिथंच खटकायला हवं होतं. त्यानं मशीन हातात घेतलं आणि अदबीनं म्हणाला, "पिन टाकतो हां, मालक."

"पाठ!" साडू गरजले. गर्रकन दुकान वळलं. बायको, गडी, रशीदचाचा तोंडात टाचण्या धरून, अर्धी साडी अंगावर घेतलेली नवरीची मावशी, सगळं वऱ्हाड. मीही वळलो आणि रोजच्यासारखा आरशात बघायला लागलो. त्या माणसाचं बोट एकाही आकड्याकडं गेलं नाही. त्यानं मशीन टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि सावकाश निघाला. माझं तोंड उघडलं होतं. ओरडणारच होतो. पण आरशात चोराच्या पुढं माझंच तोंड होतं, आ वासलेलं, आणि डोक्यात एकच प्रश्न उभा राहिला: मी ओरडलो की साडू विचारतील, 'साडूभाऊ, तुमाला कसं दिसलं?' मी तोंड मिटलं.

थोड्या वेळानं साडूंनी अदबीनं विचारलं, "झालं का?" मग जरा मोठ्यानं, "झालं का हो पाव्हणं?" वऱ्हाडातली एक म्हातारी भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "लई लांब पिन हाय वाटतं बाबा ह्यांचा." आणखी जरा वेळानं रशीदचाचांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि वळून बघितलं. "या अल्ला," ते म्हणाले, "बंदा तो गया. मशीन भी गयी."

ठाण्यात हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "म्हंजे बघा, चोर आला, आन् तुमी सगळी त्याच्याकडं पाठ करून हुबी. कावून?" साडू त्याला नियम समजावून सांगायला लागले. हवालदार म्हणाला, "आसं करा, उद्या ठाण्यातबी शिकवा. आमच्याकडचे आरोपीबी खूश व्हतील." मशीन दुसऱ्याच दिवशी रस्त्याकडेच्या उसात टाकलेलं सापडलं. चोरानं माझ्या खात्यातले पैसे 'परत' म्हणून आपल्या कार्डावर वळवायचा प्रयत्न केला होता, पासवर्ड चुकत गेला आणि मशीन बंद पडलं. जुना पासवर्ड असता तर लग्नसराईची कमाई गेली असती. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं.

बैठकीत संघाचे अध्यक्ष, लोखंडी सामानवाले अण्णा, साडूंकडं बघून म्हणाले, "आपल्या गावाला मानूस पायजे तो चोराला तोंड द्यायला. पाठ दाखवायला आपन समदे बास हाव. काय पाठमोरे?" सभागृह असं हसलं की खुर्च्या वाजल्या. मीही हसलो. मोठ्यानं हसलो, कारण न हसणारा उठून दिसला असता. साडू उभे राहिले, हसू थांबेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मशीनवर एक हात ठेवून पाठ फिरवा, एवढं मी शिकवाया पायजे होतं. ज्यानं शिकवलं त्याची चूक. दुकानदाराची काईच न्हाई." मग विषय पुढं सरकला, कचऱ्याच्या गाडीवर आला.

बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं आणि, ते वयानं आणि नात्यानं मोठे असताना, माझ्यासमोर हात जोडले. "साडूभाऊ, तुमच्या दुकानाची गावात शोभा झाली माझ्यापायी. माफ करा." आणि मी म्हणालो, "जाऊ द्या, होतं असं."

त्यानंतर 'पाठमोरे' हे नाव असं चिकटलं की आमच्याकडं पुष्कळांना ते त्यांचं आडनावच वाटतं. मोऱ्यांपैकीच कुणीतरी असतील, अशा समजुतीनं एकानं लग्नपत्रिका पाठवली, वर छापील अक्षरांत 'श्री. पाठमोरे, सहकुटुंब'. मेव्हणी सांगते, ती पत्रिका त्यांनी फाडली नाही. बराच वेळ हातात धरली आणि घडी करून खिशात ठेवली.

म्हणून ते थांबलेत, असं समजू नका. दुसऱ्या गावांतून बोलावणी येतात. शिकवण्यात सुधारणा झालीय. आता "पाठ!" म्हटलं की एक हात मागं मशीनला बांधलेल्या दोरीवर आणि मान उलट दिशेला, अशा मुद्रेत सिरसाळ्याची दुकानंच्या दुकानं उभी असतात, जणू प्रत्येकानं मागं एकेक शेळी धरलीय. या मुद्रेनं साडूंची मान आखडली, डॉक्टरनं पट्टा दिला. पट्टा लावून ते डॉक्टरचंच मशीन तपासून आले. फक्त तेलगावात त्यांना कुणी बोलवत नाही, तरी ते माझ्या दुकानात दर रविवारी येतात. बोलावलेलं नसतं. मशीन तळहातावर तोलतात, पोटाखाली बोट फिरवतात, सगळं ठीक आहे म्हणतात, आणि जाताना दरवेळी, अजूनही, म्हणतात, "त्या टायमाला माझ्यामुळं तुमाला तरास झाला." मग पट्ट्यात मान सावरत मोटारसायकल चालू करतात.

आरसा मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या बाजूला हलवला. ज्यांचे ज्यांचे पिन मला ठाऊक होते त्यांना, ते दुकानात येतील तसं, 'साडूंचा नवा नियम आहे' असं सांगून पिन बदलायला लावतोय. गुरुजी परत यायला लागलेत, त्यांनीही बदलला आणि नवा मला मोठ्यानं सांगितला. नवरा गेलेल्या त्या बाईंना मात्र मी अजून सांगू शकलेलो नाही. कुठल्या तोंडानं सांगू, की ते साल आता दुसरं काहीतरी करा?

साडूंच्या आधी तुम्हा वाचणाऱ्यांना सांगितलं, हेही धड झालं नाही, मला कळतं. साडूंनी त्या दिवशी माझ्याकडं मागितलेली माफी, आणि नंतर दर रविवारी मागितलेली, मी ठेवून घेतलीय. ती माझी नाही. ती त्यांना परत करायची आहे, व्यापारी संघाच्या बैठकीत, त्या दिवशी जे हसले त्यांच्यासमोर, उभं राहून. ते अजून मी केलेलं नाही.